हाम्बुर्गमध्ये अडीच दिवस: एक मासेखाऊ, एक शाकाहारी. सल्ला हवाय

निवडुंग

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं चार वर्षांपासून एर्लांगेनला राहतो. (बव्हेरियात राहतो असं म्हणणार होते, पण खालच्या मजल्यावरच्या आजींना कळलं तर 'हे बव्हेरिया नाही, फ्रांकेन आहे' यावर पाऊण तास घेतील.) लग्नाला पाच वर्षं होतायत. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी निघून संध्याकाळपर्यंत हाम्बुर्ग, सोमवारी दुपारी परत, असं ठरवलंय.

नवरा वेंगुर्ल्याचा. चार वर्षं डोंगर, किल्ले आणि ख्रिसमसचे बाजार बघून त्याचा संयम संपलाय. "कुठेही ने, पण पाणी दिसू दे आणि मासा गोठवलेला नको," एवढीच अट आहे. मी सांगलीची, शाकाहारी, अंडं खाते. मासळीच्या वासाने पळून जात नाही, पण आपणहून जवळही जात नाही. म्युझियममध्ये तासाभरात माझे पाय बोलायला लागतात.

ऑफिसातला एकजण म्हणाला, "हाम्बुर्गला काय ठेवलंय? पाऊस आणि क्रेन!" तेव्हापासून जरा धाकधूक आहे.

तर विचारायचं असं: राहावं कुठे? बंदरातली बोटसफर घ्यावी का, आणि घेतली तर कुठली, कारण ऑनलाइन पन्नास प्रकार दिसतायत. रविवारचा मासळीबाजार पहाटे उठण्याच्या लायकीचा आहे का? रीपरबानला (नाइटक्लबांसाठी आणि वेश्यावस्तीसाठी बदनाम असलेला तो रस्ता) नवरा-बायकोनं जाणं बरं दिसतं का? जवळचं ल्युबेक शहर त्यातच उरकता येईल का? दोघांकडेही डॉइचलांड-टिकीट आहे (देशभर बस, मेट्रो, लोकलला चालणारा महिन्याचा पास). हाम्बुर्गपर्यंत मात्र आयसीई ही वेगवान रेल्वेच, तिची तिकिटं काढून झालीत.

आगाऊ_कार्टं

पाच वर्षं झाली आणि अजून एकत्र फिरायला जाताय. अभिनंदन. बाकी सल्ला मोठी माणसं देतील.

एल्बेकाठी

मोइन! (इथे सकाळी, दुपारी, मध्यरात्री कधीही एवढंच म्हणायचं. दोनदा 'मोइन मोइन' म्हणणारा बडबड्या समजतात.)

मी नऊ वर्षं इथल्या आल्टोना भागात राहतोय. तुमच्या सहकाऱ्याचं काही चुकलं नाही, पाऊस आणि क्रेनच आहेत. पण ते कुठून बघायचं हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

सर्वांत आधी, बोटीचं तिकीट काढू नका. लांडुंग्सब्र्युकनच्या ३ नंबरच्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरीबोट सुटते. ती इथल्या बस-मेट्रोसारखीच सार्वजनिक वाहतूक आहे, म्हणजे तुमचं डॉइचलांड-टिकीट चालतं. दर पाव तासाला एक असते. सरळ वरच्या डेकवर जा. जाताना डाव्या हाताला गोद्या, क्रेन, दुरुस्तीला आलेली जहाजं; उजव्या हाताला शहर. सप्टेंबर असला तरी कानटोपी घ्या. इथला वारा छत्री उलटी करून हातात देतो.

नॉयम्युलेनला उतरा. पुढे ओव्हेलग्योनेची जुनी कप्तानांची घरं आणि त्यांच्या पायाशी चक्क वाळू. समोरच्या काठावर कंटेनर टर्मिनल, रात्रीही चालू असतं. वाळूतून पंधरा-वीस मिनिटं चाललात की एक प्रचंड धोंडा लागेल. वजन २१७ टन. १९९९ मध्ये नदी खोल करताना सापडला. हिमयुगात बर्फाबरोबर स्वीडनहून वाहत आला म्हणून नाव 'आल्टर श्वेडे', म्हातारा स्वीडिश. त्याला टेकून थर्मासमधला चहा प्यायचा हा आमचा रविवार.

आता तुमच्या अहोंसाठी खास. एल्बे म्हणायला नदी, पण तिला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. समुद्र शंभरेक किलोमीटरवर आहे, तरी इथे पाणी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. थोडक्यात, ही खाडी आहे. लांडुंग्सब्र्युकनचे धक्के पाण्यावर तरंगतात आणि काठावरून त्यांच्याकडे उतरते पूल आहेत. भरतीला पूल जवळजवळ सपाट असतात, ओहोटीला चांगलाच उतार होतो. तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर पाण्याची पातळीही दिसते. हॉटेल, बोट, जेवण सगळं बुक करून येणारे भरतीचं वेळापत्रक तेवढं बघत नाहीत, आणि मग नाराज होऊन जातात.

त्याच धक्क्याशेजारी १९११ सालचा जुना एल्बे बोगदा आहे. लिफ्टने २४ मीटर खाली उतरायचं, मग ४२६ मीटर नदीच्या पोटातून चालायचं. भिंतींवर पांढऱ्या फरशा आणि त्यात भाजलेल्या मातीचे मासे, खेकडे. गोदी कामगारांना पलीकडे कामावर जाता यावं म्हणून बांधलेला. पायी फुकट. पलीकडे वर आलात की अख्खं शहर समोर उभं, फोटो तिथून काढा.

एल्बफिलहार्मोनी, म्हणजे 'एल्फी', चुकवू नका. कोको, चहा, तंबाखू साठवायचं विटांचं गोदाम होतं, त्याच्या डोक्यावर काचेची लाट ठेवलीय. शहराला ७७ दशलक्ष युरो पडतील म्हणून सांगितलं होतं, पडले ७८९. जानेवारी २०१७ मध्ये उघडेपर्यंत लोक शिव्या घालत होते. आता कोणाकडेही पाहुणे आले की आधी तिथेच नेतात. ८२ मीटर लांबीचा वळणदार सरकता जिना चढून ३७ मीटर उंचीवरच्या गच्चीवर फिरता येतं. त्यासाठी मैफलीचं तिकीट लागत नाही.

मासळीबाजार: हो, हो, हो. सविस्तर कोणीतरी लिहीलच.

ल्युबेक: नको. अडीच दिवसांत दोन शहरं म्हणजे दोन्ही स्टेशनं बघून परत यायचं.

राहायला बाउमवाल किंवा लांडुंग्सब्र्युकनच्या आसपास बघा. मुख्य स्टेशनाजवळ स्वस्त मिळेल, पण सकाळी खिडकी उघडल्यावर श्टाइनडामची रहदारी दिसेल. आणि लगेच बुक करा. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रीपरबान फेस्टिव्हल असतो, त्यात तारखा सापडल्या तर दर बघून परत एर्लांगेनच बरं वाटेल.

चहाटळ

एल्बेकाठी यांच्याशी ऐंशी टक्के सहमत. पण 'बोटीचं तिकीट काढू नका' याला माझा विरोध. ६२ नंबर मोठ्या पात्रातून जाते, श्पायशरश्टाटच्या, म्हणजे जुन्या गोदामांच्या वस्तीतल्या, कालव्यांत शिरत नाही. ती गोदामं पाण्यातून बघण्यासारखं दुसरं काही त्या शहरात नाही. त्यासाठी बार्कास घ्यावीच लागते, म्हणजे ती बुटकी, चपटी मोटरबोट.

आता माझी फजिती. मागच्या वर्षी आईबाबांना घेऊन गेलो होतो. धक्क्यावर खलाशी टोपीवाला एकजण घसा फोडून तिकिटं विकत होता. त्याला विचारलं, "श्पायशरश्टाट?" तो मान डोलवत म्हणाला, "या, या!" (म्हणजे हो, हो.) बसलो. गोद्या दाखवल्या, कंटेनर दाखवले, जर्मनमध्ये विनोद सांगितले, गोदामांच्या तोंडाशी आणलं आणि बोट वळवली. ओहोटी! आत नुसता चिखल चकाकत होता. बाबा शांतपणे म्हणाले, "एवढं पाणी मुठेतही असतं."

तेव्हा आधी ओहोटीची वेळ बघा आणि तिच्या अल्याड-पल्याडचे दोन तास सोडा. भरती फार झाली तरी पंचाईत, बोट पुलांखालून जात नाही. मधलं पाणी पकडा. आणि तिकिटावर 'श्पायशरश्टाट' छापलेलं आहे का ते बघा, टोपीवाल्याच्या मानेवर विश्वास ठेवू नका.

मी दुसऱ्या दिवशी एकटा परत गेलो. संध्याकाळची वेळ, दोन्ही बाजूंना सहा-सात मजली लाल विटांच्या भिंती, एकदम पाण्यातून वर आलेल्या. खाली ओकच्या लाकडांचे खांब ठोकून त्यावर उभारल्यात. प्रत्येक उभ्या रांगेत दारं आणि अगदी वर कप्पी. बोटीतून पोतं थेट चौथ्या मजल्यावर, तिथून पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीत. कॉफी, मसाले, गालिचे असला माल. १८८८ मध्ये हाम्बुर्ग जर्मन जकातीच्या हद्दीत गेलं, तेव्हा बिनजकातीचा माल ठेवायला ही वखारनगरी बांधली. त्यासाठी वीसेक हजार लोकांची घरं पाडली, हे बोटीवाला विनोदांच्या गर्दीत सांगत नाही. २०१५ पासून जागतिक वारसा आहे.

शुद्ध_तूप

धाग्यात 'हाम्बुर्ग' वाचून बरं वाटलं. नाहीतर हॅम्बर्ग, हॅमबर्ग, हँबुर्ग असं काय काय वाचावं लागतं.

आगाऊ_कार्टं

मराठी विश्वकोशात काय आहे ते बघून सांगता का? तोवर आम्ही फिरून येतो.

रुळांवरून

कोणी मिनिआटुर वुंडरलांड लिहिलं नाही?? श्पायशरश्टाटमध्येच आहे, जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे. ताई, म्युझियम म्हणून बघू नका. १:८७ प्रमाणात आल्प्स आहे, स्कँडिनेव्हिया आहे (तिथे खरं पाणी आणि खरी जहाजं), विमानं उडणारा विमानतळ आहे. दर पंधराएक मिनिटांनी सगळ्या हॉलमध्ये रात्र होते आणि लाखो दिवे लागतात. बटणं दाबली की काहीतरी हलतं. एक बटण दाबलं की चॉकलेटच्या कारखान्यातून खरं चॉकलेट येतं, त्यासाठी मी चाळिशीत पोरांच्या रांगेत उभा राहिलोय.

वेळ आधी ऑनलाइन घ्या. शनिवारी आयत्या वेळी गेलात तर बाहेरच्या पावसात तास-दोन तास. सकाळी पहिली किंवा रात्रीची उशिराची वेळ बरी पडते.

आणि फुकटातली आणखी एक गंमत: उ-३ मेट्रोत र्योडिंग्समार्क्टहून लांडुंग्सब्र्युकनकडे बसा, डाव्या खिडकीत. गाडी रस्त्याच्या वर उचललेल्या लोखंडी पुलावरून जाते आणि बाउमवालला बंदर एकदम उघडतं. दोन वेळा करा. आम्ही तीन वेळा केलं, बायको तिसऱ्यांदा उतरून गेली.

पोटोबा

आता माझं खातं.

अहोंसाठी: फिशब्र्योट्शन, म्हणजे पावात मासा. लांडुंग्सब्र्युकनच्या १० नंबरच्या धक्क्यावरचं दुकान प्रसिद्ध आहे आणि चांगलंही आहे, हे दोन्ही एकत्र क्वचित घडतं. सुरुवात बाकफिशने करा, तो तळलेला. मग बिस्मार्क, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं हेरिंग. मग माट्येस: कोवळं हेरिंग, मिठात मुरवलेलं, चूल न बघितलेलं. मालवणी तिखल्यावर वाढलेला माणूस पहिल्या घासाला 'हे कच्चंच दिलंय' म्हणेल. तिसऱ्या घासाला कांदा जास्त मागेल. क्राबेन म्हणजे उत्तर समुद्रातली बारीक करंदी, पावात गच्च भरून देतात. महाग, पण एकदा घ्याच.

सावधानता दोन. 'फिंकनवेर्डर पद्धतीचा' मासा मागवला तर वर डुकराच्या चरबीचे तुकडे येतात. आणि 'लाब्सकाउस' हा खलाशांचा जुना पदार्थ म्हणजे खारवलेलं गोमांस, बटाटा, बीट यांचा गुलाबी लगदा, वर तळलेलं अंडं. फोटोत बीटाची कोशिंबीर वाटते. माझ्या चुलतभावानं अंडं बघून शाकाहारी समजून मागवला होता, पुढचं सांगत नाही.

ताईंसाठी: फ्रान्झब्र्योट्शन! दालचिनी, साखर, लोणी लावून गुंडाळलेली आणि मग मधोमध दाबलेली गोड पेस्ट्री. कडा कुरकुरीत, मधे ओलसर. गरम मिळाली तर दोन घ्या, एक नवरा खाणार. जेवायला श्टेर्नशान्सेत फलाफलवाले आहेत, एल्बेकाठींना न आवडणाऱ्या त्या श्टाइनडामवर भारतीय, अफगाण, तुर्की सगळं मिळतं. पोर्तुगीज वस्तीत (बंदराच्या अगदी मागे) सगळा मासाच, पण पास्तेल द नाता खाऊन कॉफी प्यायला बसा. आणि दशम्या घेऊन जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

'अल्स्टरवासर' मागवलं की इथल्या अल्स्टर तलावाचं पाणी येत नाही, तुमच्याकडचं राडलर, म्हणजे लेमोनेड घातलेली बिअर येते.

मासळीबाजार: १७०३ पासून रविवारी भरतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला, हिवाळ्यात सातला उघडतो आणि साडेनऊला बंद म्हणजे बंद. चर्चच्या आधी उरकायचं म्हणून ती वेळ ठरली. आता निम्मे गिऱ्हाईक रात्रभर रीपरबानवर नाचून आलेले असतात, १८९६ च्या लिलावाच्या हॉलमध्ये सकाळी सहाला बँड वाजत असतो आणि शेजारी आजोबा शांतपणे वाम विकत घेत असतात. फळवाले टोपलीत एकेक फळ टाकत ओरडतात, 'आणखी एक! आणखी एक!' हात वर करू नका. मी केला. दहा युरोत एवढी फळं आली की हॉटेलच्या सफाईवाल्या बाईंना अननस देऊन आलो.

सदाफुली_७२

रीपरबानबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. आम्ही दोघं साठीच्या आसपास, मुलीकडे आलो होतो तेव्हा जावयालाच म्हटलं, ने की. काही वाईट दिसत नाही. नाटकांची थिएटरं आहेत, जेवायला येणारी कुटुंबं असतात. नाव ऐकून दचकायला होतं, पण अर्थ 'दोर वळायची वाट'. जहाजांचे दोरखंड वळायला लांबच लांब सरळ जागा लागायची ती ही. बाजूच्या ग्रोसे फ्रायहाइट गल्लीत १९६० मध्ये बीटल्स पहिल्यांदा वाजवायला आले, तेव्हा त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. एक हेर्बर्टश्ट्रासे नावाची गल्ली आहे, तिला दोन्ही टोकांना पत्र्याचं दार आहे. तिथे बायकांनी आत यायचं नाही अशी पाटी आहे, तिकडे जाऊ नका. बाकी रात्री दहापर्यंत आरामात फिरा.

त्यापेक्षा मला आवडलं ते प्लांटेन उन ब्लोमेन बागेतलं रंगीत कारंजं. सप्टेंबरात रात्री नऊला असतं, गवतावर बसून बघायचं, पैसे नाहीत. चटई न्या, गवत ओलं असतं.

गलबत

धागा वाचून राहवलं नाही. मी डोंबिवलीकर, निवृत्त मरीन इंजिनिअर. हाम्बुर्गला पहिल्यांदा गेलो १९८३ साली, मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनिअर म्हणून. तेव्हा माल पोत्यांनी आणि खोक्यांनी उतरायचा, आठ-आठ दिवस मुक्काम पडायचा. आता कंटेनरवाली जहाजं दीड-दोन दिवसांत निघतात, पोरांना धक्का सोडून शहर दिसत नाही.

तुम्हाला एक जागा सांगतो, टूरवाले तिथे नेत नाहीत. शहराच्या खाली, नदीच्या उत्तर काठावर व्हेडेल गाव आहे, त्याच्या शुलाऊ धक्क्यावर 'विलकोम-ह्योफ्ट' आहे. १९५२ पासून तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना सलामी देतात. खांबावरचा झेंडा अर्धा उतरवून परत चढवतात, आणि जहाज ज्या देशाचं त्या देशाचं राष्ट्रगीत कर्ण्यावर वाजवतात.

आमचं जहाज भारतीय झेंड्याचं. पण नदीत शिरलं की इंजिन स्टँडबायवर, आम्ही सगळे खाली, चाळीसच्या वर तापमान, कानात बोळे. तासाभराने डेकवरचा एक रत्नागिरीचा पोरगा तोंड फुलवून खाली आला. "साब, आपलं जन गण मन वाजवलं!" कॅप्टन म्हणे ब्रिजवर, जहाज हाकायच्या खोलीत, सावधान उभा राहिला होता. मी पान्हा हातात घेऊन घामात. परत निघालो तेव्हाही माझीच पाळी. पुढे चारदा गेलो, चारही वेळा खालीच.

तुम्ही दोघं जाऊन बसा तिथे तासभर. तुमच्या यजमानांना आवडेल. भारतीय झेंडा येईलच असं नाही, हल्ली दुर्मीळ आहे.

एल्बेकाठी

काका, नऊ वर्षांत मी दोनदाच गेलोय तिथे, आता लाज वाटतेय. ताई, एस-१ लोकल शेवटपर्यंत व्हेडेलला जाते, पुढे बस किंवा पंचवीस मिनिटं पायी. डॉइचलांड-टिकीट चालतं. वाटेत ब्लांकेनेझला उतरा: टेकडीवर घरं, घरांना रस्ता नाही, नुसत्या पायऱ्या. वर जायला एक चिमुकली बस आहे, तिला लोक 'डोंगरातली शेळी' म्हणतात. रविवारची दुपार मस्त जाईल.

काकांच्या गोष्टीवरून आठवलं. बाहेरच्या अल्स्टर तलावाकाठी आटलांटिक हॉटेल आहे, पांढरं, भलंमोठं. ११ सप्टेंबर १९४२ ला तिथे जर्मन-भारतीय मंडळाचं उद्घाटन झालं, सुभाषबाबू हजर होते, आणि 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून ऑर्केस्ट्रावर वाजवलं गेलं. आपल्याकडे ते अधिकृत व्हायला अजून सात वर्षं होती. तलावाला पूर्ण चक्कर सात किलोमीटरच्या वर आहे, तुमच्या पायांनी हरकत घेतली तर नुसतं हॉटेलपर्यंत जाऊन या.

चहाटळ

त्याच तलावातले हंस शहराच्या मालकीचे आहेत, त्यांना सांभाळायला सरकारी माणूस आहे. असली नोकरी पुणे मनपात निघाली तर कळवा.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. बाउमवालला खोली मिळाली. चहाटळ, भरतीचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलंय. नवरा त्याच्याकडे देवाच्या तसबिरीसारखं बघतोय. ल्युबेक रद्द, तिथली ती बदामाची मिठाई, मार्झिपान, सुपरमार्केटमधून आणू. गलबतकाका, रविवारी दुपारी नक्की.

निवडुंग

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, कारण सोमवारी रात्री पोचलो ते थेट आजारीच पडले. कानटोपी नेली नव्हती, एल्बेकाठी, बोलू नका.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा धक्क्यावर उतरायचा पूल जवळजवळ सपाट होता. नवरा काही बोलला नाही. शनिवारी दुपारी त्याच पुलावरून उतरताना मला कठडा धरावा लागला. तो मधेच थांबला, खांबांवरची ओली शेवाळी रेघ बघितली आणि म्हणाला, "बघ, दोन पुरुष पाणी उतरलंय." मग पुढचा अर्धा तास वेंगुर्ल्याचा धक्का, आजोबांची होडी, मांडवीची खाडी, सगळं ऐकलं. चार वर्षांत एवढं बोलला नव्हता. त्या सहकाऱ्याला मी काही सांगणार नाही.

बार्कास संध्याकाळी साडेपाचची घेतली, मधल्या पाण्यात. गोदामांच्या आत शिरलो तेव्हा बोटीवाल्यानंही विनोद बंद केले. पुलाखालून जाताना सगळ्यांना 'डोकी खाली' करायला लावलं, आणि मागच्या बाकावरच्या उंच काकांनी केलं नाही. टोपी गेली, काका राहिले.

वुंडरलांडला नवऱ्याला बाहेर काढायला साडेतीन तास लागले. माझे पाय दुखले, पण चॉकलेट मिळालं. बोगद्यात लिफ्टला रांग होती म्हणून जिना उतरलो. तो चूक निर्णय होता, कारण परतही चढावं लागलं.

मासळीबाजारात सहाला पोचलो. पोटोबा, मी हात वर केला नाही. नुसती मान हलवली, तर एकाने दहा युरोत माझ्या कमरेएवढं झाड हातात दिलं. ते आयसीईमध्ये पाच तास मांडीवर घेऊन आले, तिकीट तपासनीस म्हणाला, "मुलांना सवलत आहे." नवऱ्यानं धुरी दिलेली वाम घेतली, कागदात गुंडाळून तिथेच उभ्याने खाल्ली आणि डोळे मिटले. माट्येसबद्दल त्याचं मत पोटोबांनी लिहिलं तसंच झालं, फक्त तिसऱ्याऐवजी पाचव्या घासाला. मी चार फ्रान्झब्र्योट्शन खाल्ल्या. एका दिवसात.

आणि काका, तुमचं शुलाऊ. तीनला पोचलो. बाकं, आईस्क्रीम खाणारी पोरं, राखाडी पाणी. तासभर फक्त वाळूच्या पडावा आणि शिडाच्या होड्या, त्यांना कोणी सलामी देत नाही. मग लांबून एक इमारतच सरकत आल्यासारखी आली. कर्ण्यावर माणूस बोलायला लागला, जहाज किती लांब, कुठून आलं. झेंडा खाली आला, वर गेला. बाकांवरची म्हातारी मंडळी उभी राहून हात हलवत होती, आम्हीही हलवला. डेकवर खूप उंचावर नारिंगी कपड्यातला एकच माणूस दिसत होता, त्यानेही हलवला. भारत नव्हता, लायबेरियाचं राष्ट्रगीत वाजलं. नवऱ्यानं फोनवर रेकॉर्ड केलंय, पण तुमचं नाही मिळालं म्हणून पाठवलं नाही.

गलबत

अहो पाठवा की. १९८९ ला सरकारी कंपनी सोडली, पुढची सतरा वर्षं लायबेरियाच्याच झेंड्याखाली काढली मी. पगार त्यांनी दिला, डोंबिवलीचं घर त्यावर झालं, आणि त्यांचं राष्ट्रगीत मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.